तीनच्या आधी

काटा काढायचा असो, दुधाचा दात पाडायचा असो, नाहीतर जखमेवरची पट्टी ओढायची असो, समस्त आया “एक, दोन” म्हणतात आणि तीनच्या आधीच काम उरकतात. यात काही लबाडी आहे असं माझ्या आईला कधी वाटलं नाही, मला वाटलं नाही, आणि इंद्रजित भावजींना तर मुळीच वाटलं नाही. त्यांनी याच युक्तीवर लखनौची कितीतरी पोरं दोरावर चढवली.

भावजी म्हणजे माझ्या यजमानांचे साताऱ्याचे मित्र. फौजेत पीटी शिकवायचे. तिथे अशा माणसाला उस्ताद म्हणतात आणि तो शब्द त्यांना कायमचा चिकटला. शेवटची नेमणूक इथल्या छावणीत होती. निवृत्त झाल्यावर गावाकडे जातील असं सगळ्यांना वाटलं, तर यांनी आलमबागेत एका मॅरेज लॉनच्या मागचा पत्र्याचा हॉल भाड्याने घेतला, तुळईला दोन सुती दोर टांगले आणि दोरीचा मल्लखांब शिकवायला लागले. आमचे हे बँकेतून रिटायर झालेले, दिवसभर बातम्या लावून बसणारे. त्या भांडणांपेक्षा पोरांचा गोंगाट परवडला म्हणून मी भावजींकडे बारक्यांचा गट घ्यायला लागले. शाळेत असताना मीही दोर केला होता. मला गोड बोलता येत नाही, हे इथल्या सगळ्या आयांना ठाऊक आहे. तरी चंद्रप्रभा आंटीकडे मुलं पाठवतात, कारण घराजवळ दुसरं काही नाही.

तर दोर. यात चढणं अवघड असतं असं बघणाऱ्यांना वाटतं. चढणं कुणीही शिकतं. अवघड असतं ते हात सोडणं. दोराचा वळसा मांडीला आणि कमरेला घ्यायचा आणि मग दोन्ही हात सोडून स्वतःला मागे झोकून द्यायचं. वळसा बरोबर असला तर दोर धरून ठेवतो आणि माणूस उलटा लटकतो. मुलांना हे डोक्याने कळतं, पण बोटं ऐकत नाहीत. मग भावजी पाठीमागे उभे राहायचे, एक हात पाठीला लावायचे आणि म्हणायचे, “डरना नहीं. मैं तीन बोलूँगा, तब छोड़ना.” एक. दोन. आणि दोनवरच मनगटं सोडवून पोराला मागे ओढायचे. पोरगं किंचाळत खाली यायचं, दोर धरायचा, आणि मग उलटं लटकल्या लटकल्या खिदळायला लागायचं.

“भ्यायला वेळच द्यायचा नाही, वहिनी,” भावजी म्हणायचे. “वेळ दिला की भीती बसते.”

आणि खरं सांगायचं तर मुलं पुढच्या वेळेला आपण होऊन हात सोडायची. त्यामुळे बोलायला जागा नव्हती.

स्वरदाचं तसं झालं नाही. स्वरदा म्हणजे आमच्याच कॉलनीतल्या जुईची मुलगी, अकरा वर्षांची. बाप बँकेत. घरात मराठी, पण ही उत्तर देणार हिंदीत. पोरगी एक नंबरची चौकस. काहीही नवीन सांगितलं की आधी विचारणार, “फिर क्या होगा?” मग पुढचं सांगितलं की पुन्हा, “फिर?” सगळं कळलं की एकदम व्यवस्थित करून दाखवणार. भावजींचा तिच्यावर फार जीव. त्यांना दोन मुलगे, दोघेही फौजेत, दोघेही फोन न करणारे. मुलगी असती तर अशी असती, हे त्यांनी माझ्यासमोर निदान दहा वेळा तरी म्हटलं असेल.

दिवाळीच्या आधी तिची हात सोडायची पाळी आली. तिने नेहमीप्रमाणे सगळं विचारून घेतलं. वळसा कुठे, डोकं कुठे, हात केव्हा. भावजींनी सांगितलं, तीनला. तिने मान हलवली. एक, दोन, आणि भावजींनी ओढलं. वळसा अगदी बरोबर होता, दोराने तिला धरलं. कुठे खरचटलंसुद्धा नाही. पण ती किंचाळली नाही आणि हसलीही नाही. डोळे उघडे ठेवून नुसती लटकत राहिली. खाली उतरवल्यावर गादीवर जाऊन बसली, ती बसलीच.

दुसऱ्या दिवशी आली. वेळेवर आली, सगळ्यांबरोबर व्यायाम केला, आणि दोराची पाळी आली तेव्हा गादीवर जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी तेच. महिना गेला, दोन महिने गेले. रोज यायची, गाद्या घालायला मदत करायची, बारक्यांच्या बुटांच्या नाड्या बांधायची, आणि दोराला बोट लावायची नाही.

“लागलं तर नाही ना?” मी विचारलं.

“नहीं.”

“मग चढ की.”

“नहीं.”

जुईने समजावलं, बापाने नवी सायकल कबूल केली, भावजी आधी लाडाने बोलले, मग चिडले, मग अबोला धरला. पालथ्या घड्यावर पाणी. भावजी माझ्याजवळ येऊन म्हणायचे, नखरे आहेत, आईबापांनी लाडावून ठेवलंय. पण तोंडाने नखरे म्हणताना त्यांचं सगळं लक्ष त्या गादीकडे असायचं. जानेवारीत स्वरदाच्या बापाची नागपूरला बदली झाल्याचं कळलं. मार्चअखेर, परीक्षा संपली की जाणार. त्या दिवशी भावजी चहा घेता घेता म्हणाले, “जायच्या आधी एकदा तिनं हात सोडावेत, वहिनी. बाकी मला काही नको.”

मी म्हटलं, “तुम्हाला नको, पण तिला काय हवंय ते विचारलंत का?” त्यांनी कप खाली ठेवला. मीसुद्धा बोलायचं म्हणून बोलले होते. तिला काय हवं होतं ते मलाही ठाऊक नव्हतं.

फेब्रुवारीत ते शिबिर निघालं. भावजी ज्या शाळेत आठवड्यातून दोनदा पीटी घेतात, तिथल्या नव्या प्रिन्सिपलबाईंनी सक्ती केली. अंगमेहनतीचं काहीही शिकवणाऱ्या सगळ्यांनी यायचं. विषय होता ट्रॉमा. आता लखनौत ट्रॉमा म्हटलं की माणसाच्या डोळ्यांसमोर ट्रॉमा सेंटर येतं, स्ट्रेचर आणि रडणारे नातेवाईक. भावजी म्हणाले, “माझ्याकडे आजवर एकाचं हाड मोडलेलं नाही. मी कशाला जाऊ?” पण शाळेचं काम सोडवत नव्हतं. एकटं जायला नको म्हणून मलाही ओढून नेलं.

गोमतीनगरला एका थंडगार हॉलमध्ये आम्ही बसलो. योगवाले होते, जूडोवाले होते, झुम्बावाली होती, कथकचे एक वयस्कर गुरुजी होते आणि मुलांना सर्कशीच्या कसरती शिकवणारं एक जोडपं होतं. शिकवणारी मुलगी अमृता, पुण्याची. स्वतः बरीच वर्षं सर्कशीच्या झुल्यावर काम केलेली. तिचे तळहात बघितले आणि मी मुकाट बसले. त्या तळव्यांना घट्टे होते. नुसतं पडद्यावर चित्रं दाखवणाऱ्यांपैकी ती नव्हती.

तिचं म्हणणं साधं होतं. मुलाच्या अंगाला हात लावण्याआधी विचारा. पुढे काय होणार ते सांगा. आणि जे सांगाल तेच करा. शरीराला एकदा दगा झाला की डोकं विसरतं, शरीर विसरत नाही. आणि हाड मोडलं तरच दगा, असं काही नसतं. ती हिंदीत बोलत होती, मधूनच आमच्याकडे बघून मराठीत.

कथकचे गुरुजी म्हणाले, “बेटी, हमने तो छड़ी खाकर सीखा है. हमें तो कुछ नहीं हुआ.”

“जी,” अमृता म्हणाली. “और जो छड़ी खाकर छोड़ गए, वे आज यहाँ बैठे नहीं हैं. उनसे किसी ने पूछा नहीं.”

भावजींनी हाताची घडी घातली. मी मनात म्हटलं, आता हे उठून जाणार.

दुपारी तिने जोड्या केल्या. एकाने डोळे मिटून उभं राहायचं, दुसऱ्याने मागे उभं राहून तीनपर्यंत मोजायचं. तीनला पुढच्याने मागे झुकायचं, मागच्याने धरायचं. बस, एवढंच. भावजींची जोडी माझ्याशी लागली. मी म्हटलं, बाई गं, हा डोंगर मी धरायचा. पण धरला असता. मी मोजलं. एक, दोन, तीन. भावजी झुकेनात. पुन्हा मोजलं. तीन म्हटलं तरी माणूस खांबासारखा ताठ. पाठीला हात लावला होता, तर सगळी पाठ दगड झालेली.

“झुका की भावजी,” मी म्हटलं. “सगळे बघतायत.”

अमृता जवळ आली. तिने टोमणा मारला नाही, हसलीही नाही. मराठीत विचारलं, “काका, तुम्ही कशाची वाट बघत होता?”

भावजींनी डोळे उघडले. म्हणाले, “धक्क्याची.”

“केव्हा बसेल असं वाटत होतं?”

“दोनला.”

ती “अच्छा” म्हणाली आणि पुढच्या जोडीकडे गेली. त्याने भावजी जास्तच खचले. कुणी चार शब्द ऐकवले असते तर त्यांना भांडता आलं असतं.

परतताना मेट्रो धरली. आलमबागला उतरलो, जिना उतरून रस्त्यावर आलो, ई-रिक्षावाल्यांच्या गर्दीत उभे राहिलो, तेव्हा म्हणाले, “वहिनी, ती पोरगी तीनची वाट बघत होती. मी तिला तीन दिलाच नाही.”

मी म्हटलं, चला, अंधार व्हायच्या आत घरी जाऊ.

दुसऱ्या दिवसापासून भावजींनी ठरवलं की आता सच्चं मोजायचं. हॉलमध्ये सगळ्यांना उभं करून जाहीर केलं की यापुढे उस्ताद तीन म्हणतील, आणि तीनलाच काय ते होईल. पोरांनी माना डोलावल्या. पहिला गट दोरावर गेला. भावजी मागे उभे राहिले आणि म्हणाले, एक. दोन. आणि पोरांनी दोनवरच हात सोडले. भावजी तयारच नव्हते, दोघांना सावरता सावरता त्यांची तारांबळ उडाली. पुढचा गट, तेच. त्यांच्या कानांना दोन म्हणजेच तीन अशी सवय लागलेली. उस्ताद काहीही सांगोत, व्हायचं ते दोनला होतं, हे त्या पोरांनी कधीच ओळखलं होतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

मग भावजींनी पोरांना नीट बजावलं, तर दुसरीच तऱ्हा. धैर्यशील म्हणून एक सुभेदाराचा मुलगा आहे. नाव धैर्यशील, पण उंदीर दिसला की खुर्चीवर चढतो. तो तीनपर्यंत थांबला आणि रडायलाच लागला. “उस्ताद, तीन पर डर लगता है. आप खींच दो ना, पहले जैसे.”

भावजी माझ्याकडे बघून म्हणाले, “बघा. यांनाच नकोय.”

तेवढ्यात गादीवरून आवाज आला. महिनोन्‌महिने दोराबद्दल ब्र न काढलेली स्वरदा म्हणाली, “उस्ताद, आपने तीन बोला?”

“हाँ बेटा, बोला.”

ती गादीवरून उठली नाही. पण भावजींचा चेहरा असा उजळला की मला भीतीच वाटली. हा माणूस आता काहीतरी घाई करणार, हे मला दिसत होतं. आणि केलीच. चार दिवस धीर धरला असता तर काय बिघडलं असतं? पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. दुसऱ्या संध्याकाळी सगळ्या पोरांदेखत म्हणाले, “आओ स्वरदा, आज तुम. आज पक्का तीन बोलूँगा. सबके सामने वादा.” पोरं टाळ्या वाजवायला लागली. “स्वरदा, स्वरदा” असा गलका केला. स्वरदा उठली, बूट घातले आणि घरी निघून गेली. पुढचा सगळा आठवडा आली नाही.

मी भावजींना सोडलं नाही. म्हटलं, “याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. बारा गावच्या लोकांसमोर पोरीला चढायला सांगता आणि वर म्हणता वादा. तो वादा तिच्यासाठी होता की तुमच्यासाठी?” त्यांनी ऐकून घेतलं. मग मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाले, त्या पुण्याच्या पोरीला फोन लावा, मला बोलायचं आहे.

फोन स्पीकरवर होता. अमृताने सगळं ऐकलं आणि म्हणाली, “तिला बोलवू नका, काका. बाकीच्यांना खरं मोजत राहा. ती आली तर तिला दिसेल. ती चढेलच असं मी सांगू शकत नाही.”

“ती मार्चअखेर चालली आहे.”

“हो, जाईल.”

“मग याचा उपयोग काय?”

“उपयोग झाला तर तिला होईल,” अमृता म्हणाली. “तुम्हाला त्यातून काही मिळालंच पाहिजे असं नाही.”

भावजींना हे फार लागलं. मलाही जरा आगाऊच वाटली पोरगी. पण खोटं नव्हतं ते.

स्वरदा आली. काही विचारलं नाही, कुणी काही सांगितलं नाही. पहिल्यासारखी गादीवर बसली. भावजींनी तिच्याकडे मुद्दाम न बघण्याचा इतका आटापिटा केला की ते कुणालाही कळलं असतं. पण मोजत राहिले. धैर्यशीलसाठी रोज मोजायचे. एक, दोन, तीन, आणि तीनला पाठीवरचा हातसुद्धा तिथेच. पोरगा हात सोडायचा नाही, रडायचा, आणि भावजी म्हणायचे, “ठीक है. उतर जा.” आधीचे भावजी असते तर त्याला केव्हाच ओढून मोकळे झाले असते. मला वाटलं, आता यांचा रक्तदाब वाढणार. लॉनमध्ये लग्नाचा डीजे दणदणत असायचा, पत्रा थरथरायचा, आणि हे आपले मोठ्याने आकडे म्हणतायत.

स्वरदा पोरांकडे बघत नव्हती. ती भावजींच्या हातांकडे बघायची. मी नीट लक्ष ठेवून होते म्हणून सांगते. दोन म्हटलं की तिची नजर त्यांच्या बोटांवर असायची.

एके दिवशी धैर्यशीलने तीनला हात सोडले. सगळ्यांआधी त्याचाच विश्वास बसत नव्हता. उलटा लटकून तो ओरडला, “मैंने छोड़ा, मैंने खुद छोड़ा.” भावजींनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, पण बघितलं गादीकडे. गादीवरची पोरगी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होती.

बघता बघता मार्च संपत आला. ट्रकमध्ये त्यांचं सामान गेलं. रात्रीची गाडी होती, म्हणून निरोप घ्यायला जुई वर्गाच्या वेळीच स्वरदाला घेऊन आली. पोरांसाठी रेवड्यांची मोठी पिशवी आणली होती. आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत या, फोन करा, नागपूरच्या उन्हात जपून राहा, असं काहीबाही बोललो. भावजी हसून बोलत होते. पण मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, त्यांनी आशा सोडलेली होती. जुईला कुणाचा तरी फोन आला म्हणून ती फाटकाकडे गेली.

स्वरदाने सँडल काढले. दोराकडे गेली आणि चढायला लागली.

मी पोरांना डोळ्यांनी दटावलं. कुणी हू की चू केलं नाही. ती भावजींच्या छातीइतकी वर गेली, वळसा घेतला, मांडीला, कमरेला, एकेक तपासला. हात विसरलेले नव्हते. मग म्हणाली, “उस्ताद, पीछे आओ.”

भावजी मागे जाऊन उभे राहिले.

“हाथ मत लगाना.”

“नहीं लगाऊँगा.”

“गिनो.”

“एक,” भावजी म्हणाले. आवाज बरा होता. “दोन.”

दोनला पोरीने डोळे घट्ट मिटले. खांदे कानांपर्यंत वर गेले, दोरावरची बोटं पांढरी पडली. तिचं सगळं अंग त्या ओढीची वाट बघत होतं. भावजींचे दोन्ही हात त्यांच्या स्वतःच्या पाठीमागे होते, एकात एक गुंतवलेले. आणि भावजींच्या तोंडून पुढचा आकडा निघेना. पोरांपुढे महिनाभर घोकलेला आकडा.

“तीन,” ते म्हणाले.

काही झालं नाही. तिला कुणी ओढलं नाही. स्वरदाने एक डोळा उघडला, मग दुसरा. मान वळवून भावजींकडे बघितलं, त्यांचे हात कुठे आहेत ते बघितलं. खांदे हळूहळू खाली आले. आता सोडेल, मला वाटलं. भावजींनाही वाटलं असणार.

तिने हात सोडले नाहीत. वळसा उलगडला आणि सावकाश खाली उतरली.

“क्या हुआ, बेटा?” भावजींनी विचारलं. “मैंने तो तीन बोला.”

“हाँ,” ती म्हणाली. “बस वही सुनना था.”

सँडल घालून ती फाटकाकडे गेली. जुईचा फोन संपला होता. तिने लांबून दोरावर बघितलं असावं, कारण विचारलं, “काय गं, सोडलेस का हात?”

“नहीं.”

“मग? एवढी चढलीस ती?”

“उस्ताद ने नहीं खींचा,” स्वरदाने सांगितलं. शाळेत कुणाचा पहिला नंबर आला ते सांगावं, तशा आवाजात. जुईला त्यातलं काही कळलं नाही. तिने रिक्षा थांबवली, आणि दोघी गेल्या.

भावजी भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. मागे धैर्यशील दोराला धरून पाळीची वाट बघत होता. मग भावजींनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि त्याच्या मागे जाऊन उभे राहिले.